मागच्या पुराच्या खुणेवर पुढचा पूर मोजू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याजवळच्या वसाहतीत राहता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या गल्लीत कंबरभर पाणी होते. त्यानंतर तुमच्या मंडळाने फलक लावले, पत्रके वाटली, तरी जून उजाडला की कुणी हालचाल करत नाही. तिकडे चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी तुमचे सासरे राहतात. गाव रिकामे करायची सूचना आली तरी शेवटच्या घटकेपर्यंत ते घर सोडत नाहीत. तुम्ही विचारता, लोकांना धोका कळतच नाही का? आणि कळत नसेल तर तो पटवायचा कसा?

धोका कळतो. पाटबंधाऱ्याच्या कामात आणि नंतर गावोगावच्या पूरतयारीच्या प्रशिक्षणात मी जितक्या लोकांशी बोललो, त्यांत पूर येणारच नाही असे मानणारा माणूस क्वचितच भेटला. अडचण मोजमापात आहे. सरकार पूर क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते त्यात मोजते, आम्ही अभियंते मीटरमध्ये मोजतो आणि लोक घोटाभर, गुडघाभर, कंबरभर असा मोजतात. त्याहून पक्के माप म्हणजे घराच्या भिंतीवर राहिलेली मागच्या पुराची खूण. ती खूण हीच पुराची कमाल मर्यादा, असे मनात बसते. तयारी होते ती त्या खुणेपर्यंतच, एक इंचही वर नाही.

कृष्णा आणि दूधगंगेच्या काठावर याची मोठी किंमत मोजावी लागली. २००५ चा पूर पाहिलेल्यांनी पुढे घरे बांधताना जोते त्या खुणेच्या वर घेतले. धान्याची पोती, कागदपत्रे, शिलाई मशीन ठेवायला फळ्या ठोकल्या त्याही त्याच हिशोबाने. विचार शहाणपणाचाच होता. पण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी २००५ मध्ये ५३ फुटांच्या पुढे गेलेले पाणी २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे गेले. फरक चार फुटांचा, म्हणजे टेबलावर चढवलेले सामान वाचणे आणि बुडणे एवढा. खाली आपल्या कर्नाटकच्या हद्दीतही २००५ च्या भरवशावर थांबलेली माणसे अडकली, कारण त्यांच्याकडे अनुभव होता. ज्यांना अनुभवच नव्हता ती आधीच घाबरून बाहेर पडली. रॉबर्ट केट्स या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९६२ सालीच मांडले होते की पूरपट्ट्यातला माणूस आपल्याच अनुभवाचा कैदी असतो. सासऱ्यांना हट्टी म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. ते अडाणीपणाने थांबत नाहीत. आयुष्यभराचे निरीक्षण त्यांना थांबायला सांगते.

आता बेळगाव शहराकडे या. तिथला पूर वेगळ्या जातीचा आहे, आणि दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो म्हणून पुष्कळ घोटाळा होतो. कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयना धरणातून सोडलेले पाणी कर्नाटकच्या सीमेजवळच्या राजापूर बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला दिवसाहून जास्त लागतो. पंचगंगेचे पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते, पुढे कल्लोळपाशी दूधगंगा मिळते, आणि तोवर चिकोडी तालुक्यातले कल्लोळ-यडूरसारखे कमी उंचीचे बंधारे-पूल एकामागून एक पाण्याखाली जातात. तिथला माणूस कुठला पूल गेला यावरून पाणी कुठवर आले ते ओळखतो. वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले, की बातमी पाहायचीही गरज उरत नाही. २०१९ मध्ये तसे झाले, २०२१ मध्येही झाले.

बळ्ळारी नाला असा सांगून येत नाही. येळ्ळूर-अनगोळच्या बाजूचे पाणी घेऊन तो शहराला वळसा देत शिवारातून मार्कंडेय नदीकडे जातो. दिवसभर पाऊस झाला, रात्री जोर वाढला, की तासा-दोन तासांत पाणी उंबऱ्याला लागते. त्यात मार्कंडेय भरून वाहत असेल तर नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. म्हणून ‘आमच्या भागात तर पाऊस उघडला’ असे म्हणत लोक झोपतात आणि पहाटे घरात पाणी असते. हे गणित शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांना नीट ठाऊक आहे. दरवर्षी त्यांचे भात पाण्याखाली जाते, पाणी कुठे वळते आणि कुठे तुंबते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. नाल्यातला गाळ काढा, जलपर्णी काढा, पात्र रुंद करा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आलेत. वसाहतीतले आपण ती बातमी शेतकऱ्यांची म्हणून वाचतो आणि पान उलटतो. शिवारात भराव पडून प्लॉट झाले, तेव्हा भाताच्या खाचरांत थांबणारे पाणी कुठे जाणार हा प्रश्न आपला होता. तो आपण विचारला नाही.

शहरातली दुसरी गोष्ट म्हणजे खूण पुसली जाते. नदीकाठच्या गावात पुराची रेघ देवळाच्या भिंतीवर राहते. पोरांना ती दाखवली जाते. शहरात पाणी ओसरले की पहिल्या दिवाळीला भिंत रंगवतात. घर विकायचे असते, भाड्याने द्यायचे असते, मग कंबरभर पाणी आले होते हे कोण सांगेल? २०१९ नंतर तुमच्या गल्लीत आलेले भाडेकरू किती आहेत ते एकदा मोजा. त्यांच्या लेखी ही साधी, कोरडी गल्ली आहे. फलकावर ‘पूरप्रवण क्षेत्र’ लिहिले तरी तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे काहीही उभे करत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे जुलैचा पाऊस ही आनंदाची बातमी आहे. राकसकोपचे धरण भरले की वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याची चिंता मिटते. लोक मुद्दाम गाडी काढून ते पाहायला जातात. हिडकल भरले, नवीलतीर्थ भरले, गोकाकचा धबधबा सुटला, या सगळ्या सुखाच्या बातम्या आहेत. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, लागला नाही तर रोप वाळते, मग त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या म्हाताऱ्या पावसावर सगळी भिस्त असते. आणि पाहा, २००५ आणि २०२१ चे पूर याच पुष्य नक्षत्रातले, म्हणजे म्हाताऱ्या पावसातले. २०१९ चा आश्लेषात, नागपंचमीच्या आठवड्यात. ज्या पावसाची आपण वाट पाहतो तोच पूर आणतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी दत्ताच्या गाभाऱ्यातून वाहू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याला माणसे स्नानाला लोटतात. बायका कृष्णामाईची ओटी भरतात. हे नाते जुने आहे, खरे आहे, आणि ‘पूर म्हणजे संकट’ एवढेच ओरडणारा माणूस या लोकांना आपला वाटत नाही. तयारीचे बोलायचे असेल तर या ओढीचा मान ठेवून बोला. ओटी भरायला गेलेल्या बाईलाच विचारा, पाणी कितव्या पायरीला होते. तिच्याइतके अचूक उत्तर कुणी देणार नाही.

‘असा पूर पंचवीस वर्षांतून एकदा येतो, आता २०४४ पर्यंत काळजी नाही’ हे वाक्यही तुम्ही ऐकले असेल. याचा उगम आम्हा अभियंत्यांच्या भाषेतच आहे. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. आज येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता घटत नाही. घराचे कर्ज वीस वर्षांचे असते. त्या वीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते, छापा-काटा करण्यापेक्षा जास्तच. शंभर वर्षांतून एकदा म्हणतात त्या पुराचीही वीस वर्षांतली शक्यता १८ टक्के आहे. आणि कृष्णाकाठी २००५ नंतर चौदा वर्षे गेली, पण २०१९ नंतर दोनच. पाळी ठरवून पूर येत नाही हे दाखवायला एवढे पुरे. बैठकीत बोलायचे झाले तर टक्के बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, ‘तुमचे कर्ज फिटेपर्यंत हे पाणी पुन्हा एकदा येण्याचा संभव निम्म्याहून जास्त आहे. तेव्हा फ्रिज कुठे ठेवणार?’

मग प्रश्न राहतो की कळूनही लोक करत का नाहीत. माझ्या मते तुमच्या मंडळाचे श्रम इथेच वाया जात आहेत. धोका जितका ठासून सांगाल तितकी तयारी वाढेल असे आपण धरून चालतो, आणि तसे होत नाही. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरातल्या रहिवाशांवर ग्रोटमन आणि रॉयसविग या अभ्यासकांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात असे दिसले की माणूस तयारी करतो की नाही हे समजून घ्यायला त्याचे शिक्षण-उत्पन्न पाहून भागत नाही. मी केलेल्या उपायाने फरक पडेल का, आणि तो उपाय मला जमेल का, हे त्याला काय वाटते ते पाहावे लागते. धोका मोठा दिसतो पण हातात उपाय दिसत नाही, तेव्हा माणूस डोळे मिटतो. देवावर सोडतो, महापालिकेवर सोडतो, ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणतो. भीती वाढवली की डोळे आणखी घट्ट मिटतात.

वडगाव-खासबागच्या विणकराचे उदाहरण घ्या. घरातच यंत्रमाग, मागावर बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ चढवलेला, त्यावर उधारीचे सूत. माग काही उचलून माळ्यावर ठेवता येत नाही. फलक सांगतो, ‘सुरक्षित स्थळी जा.’ तो गेला तर मोटर भिजते, बीम भिजते, साडी जाते. नाही गेला तर निदान मोटर सोडवून वर घेता येईल, एवढीच त्याची आशा. तो धोका मोजतो आहे, पण त्याच्या धोक्यात पाण्याबरोबर सावकारही आहे. त्याला उपयोगी सल्ला म्हणजे जूनच्या सुरुवातीला मोटरचे नट-बोल्ट मोकळे करून तेल घालून ठेवणे, एका पान्याने दहा मिनिटांत मोटर निघेल अशी सोय करणे, विजेचे बोर्ड वर घेणे, आणि पुष्य-आश्लेषाच्या त्या तीन-चार आठवड्यांत जादा सूत जमिनीलगत न ठेवणे. हे सांगितले की तो ऐकतो, कारण हे त्याच्या हातातले आहे.

नदीकाठी विणकराच्या जागी म्हैस आहे. सासऱ्यांना विचारून पाहा, घर न सोडण्याचे कारण बहुधा गोठ्यात बांधलेले असेल. काळजी केंद्रात, म्हणजे सरकारी पूरनिवाऱ्यात, माणसांना जागा असते. जनावरांची, वैरणीची सोय नक्की आहे का, हे कुणी आधी सांगत नाही. जुनी माणसे त्याला अजून गंजी केंद्रच, म्हणजे पेजेचे केंद्र म्हणतात, आणि स्वतःच्या शेताचा मालक पेज घ्यायला रांगेत उभा राहायला लाजतो. बायकांचा प्रश्न वेगळाच असतो. शाळेत संडास किती, रात्री दिवा आहे का, आडोसा आहे का? माझा अनुभव असा की ज्या गावात केंद्राची जागा मे महिन्यात बायकांना नेऊन दाखवली, तिथे जुलैत घरे लवकर रिकामी झाली. नवरा थांबायचे म्हणत असला तरी बाईने पिशवी भरली की बहुतेक घर हलते.

भरपाईबद्दलही बोलले पाहिजे. २०१९ नंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख आणि बाधित कुटुंबाला तातडीचे दहा हजार जाहीर केले. मदत मोठी होती आणि गरजेची होती. पण पंचनामा होईपर्यंत घर सोडायचे नाही, नाहीतर नाव सुटेल, ही भीती तेव्हापासून अनेकांच्या मनात बसली. ज्याचे घर अर्धवट पडले म्हणून भरपाईच्या खालच्या वर्गात गेले, त्याच्या आठवणीत २०१९ म्हणजे पाणी कमी आणि यादी जास्त आहे. तुम्ही मंडळातर्फे मे महिन्यातच प्रत्येक घराचे आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढून ठेवलेत, तर घर सोडण्याची ही एक आडकाठी दूर होईल.

सीमाभागात आणखी एक अडथळा आहे, आणि तो अवघड जागचा आहे. वरच्या अंगाला महाराष्ट्र, खालच्या अंगाला कृष्णेवरचे अलमट्टी धरण. सांगली-शिरोळकडचा पाहुणा म्हणतो, अलमट्टीच्या फुगवट्याने आम्ही बुडालो. आपल्याकडचा म्हणतो, त्यांनी कोयना-राधानगरी सोडली म्हणून आम्ही बुडालो. दोघे सोयरे, एकाच मांडवात जेवणारे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तरी अजून चालूच आहे, आणि दोन्ही राज्यांनी विसर्गाचा ताळमेळ वेळेवर ठेवावा ही मागणी रास्तच आहे. माझी चिंता वेगळी आहे. पूर ‘त्यांच्यामुळे’ येतो असे एकदा मनाने घेतले की आपल्या तयारीला अर्थच उरत नाही. शिवाय धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातूनही प्रचंड पाणी येते. त्यावर कुणाचाच दरवाजा नाही. ‘धरणातून विसर्ग नाही, म्हणजे भीती नाही’ हा हिशोब म्हणून चुकतो. गोकाकला हे आणखी स्पष्ट होते. तिथे एकट्या हिडकलच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय यांचे पाणीही धरावे लागते.

सूचनांची भाषा हाही आपल्याकडे पुराच्या धोक्याचाच भाग आहे. मोबाईलवर येणारा संदेश कन्नडमध्ये, घरातल्या आजीला वाचता येते ते मराठी. तरुण पोरगा वाचून सांगेपर्यंत वेळ जातो, आणि तो कामाला बाहेर असेल तर संदेश तसाच पडून राहतो. मधल्या पोकळीत व्हॉट्सॲपवरचे ‘धरण फुटले’ शिरते. दोन वर्षे तशी अफवा ऐकली की तिसऱ्या वर्षी खरी सूचनाही अफवाच वाटते. मंडळाने इथे भाषेच्या वादात न शिरता एवढेच करावे. अधिकृत सूचना आली की दोन ओळींचा मराठी मजकूर त्याच मिनिटाला गल्लीच्या गटावर आणि देवळाच्या भोंग्यावरून जावा, आणि तो ठरलेल्या एकाच माणसाच्या आवाजात असावा. ओळखीच्या आवाजावर लोक उठतात.

आता प्रत्यक्ष कामाचे. आधी फलक उतरवा आणि खूण परत आणा. २०१९ ला पाणी नेमके कुठवर आले हे ज्याला पक्के ठाऊक आहे असे एक घर शोधा. दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे तीच जागा दाखवली तर ती खरी धरा. मग गवंड्याकडचा लेव्हल पाइप आणा, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एकाने नळीचे टोक त्या खुणेला धरायचे, दुसऱ्याने दुसरे टोक समोरच्या घराच्या भिंतीला. नळीत बुडबुडा राहिला असेल तर आधी काढा, नाहीतर माप चुकते. पाणी स्थिर झाले की रेघ मारा. असे करत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, विजेच्या खांबांवर आणि नाल्याच्या पुलाच्या कठड्यावरही, तीच पातळी न्या. एका रविवारचे काम आहे. रेघ एका दारात घोट्याला येते, चार घरे पुढे छातीला. माणसे स्वतःच्या दारात उभी राहून रेघ पाहतात आणि भाडेकरू घरमालकाकडे पाहतो. त्या दिवशी गल्लीत जे बोलणे होते ते कुठल्याही व्याख्यानाने होत नाही.

पण तिथेच थांबलात तर जुनाच सापळा नव्या रंगात तयार होईल. म्हणून त्या रेघेच्या वर तीन-चार फुटांवर दुसऱ्या रंगाची रेघ ओढा. कारण विचारतील. तेव्हा २००५ आणि २०१९ मधला फरक सांगा. कागदपत्रे, औषधे, इन्व्हर्टर, धान्य या वरच्या रेघेच्या हिशोबाने ठेवायचे. घरमालक कुरकुर करतील, भाव पडेल म्हणतील. त्यांना सक्ती करू नका, खांबांवरच्या रेघा पुरेशा आहेत.

पुलाच्या कठड्यावर रेघांखाली ‘आता काय करायचे’ ते लिहा. पाणी इथवर आले की गाड्या उंचावर, इथवर आले की मेन स्विच बंद, इथवर आले की म्हातारी माणसे आणि लहान मुले बाहेर. वाहत्या पाण्याबद्दल मात्र आकडा ठळक लिहा. वाहते पाणी अर्धा फूट असले तरी माणसाचा पाय घसरू शकतो, फूटभर पाणी छोटी मोटार उचलू शकते. बेळगावात दुचाकी रेटत पाण्यातून जाणारे तरुण मी दरवर्षी पाहतो आणि जीव खालीवर होतो.

सासऱ्यांसाठी क्युसेकचे भाषांतर करून घ्या. राजापूरहून एक लाख क्युसेक विसर्ग हा आकडा वाचून काही कळत नाही. तोच विसर्ग एक दिवस चालला तर साडेआठ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी होते, म्हणजे जवळजवळ आख्खे राधानगरी धरण, रोज. असा विसर्ग असताना त्यांच्या गावात पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या ओढ्याच्या तोंडाला लागते, हे त्यांनाच विचारून वहीत लिहा. दीड लाखाला कुठे, दोन लाखाला कुठे, जेवढे आठवते तेवढे. ही वही त्यांच्याच निरीक्षणाची असेल, म्हणून ती ते मानतील. आणि वाद जुलैत घालू नका. आत्ता, पाऊस नसताना, एकच गोष्ट ठरवून घ्या: कुठल्या पायरीला पाणी लागले की म्हैस सोडायची. घर सोडायचे की नाही हा विषयच काढू नका. म्हैस कुणाच्या गोठ्यात जाणार, वैरण कोण पोचवणार, टेम्पो कुणाचा, हे नक्की झाले आणि म्हैस बाहेर पडली, की ते तिच्या मागे येतील.

लेव्हल पाइपचे काम मृगाच्या आत उरका. एकदा झड लागली की भिंत ओली राहते आणि ऑइल पेंट धरत नाही.